गृहपाठ टाकला आहे

संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान छत्रपती संभाजीनगरातल्या कुठल्याही वसाहतीत, मग ते पुंडलिकनगर असो, हडको असो की वाळूजजवळचं बजाजनगर, मोबाइल वाजला की घरातलं सहावी-सातवीतलं पोर आधी आईच्या चेहऱ्याकडे बघतं. वर्गाच्या ग्रुपवर गृहपाठ आलेला असतो. ‘गणित : सरावसंच पूर्ण करणे. उद्या वह्या तपासल्या जातील.’ खाली फळ्याचा फोटो. फोटो थोडा तिरका, वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइटची तिरीप पडलेली, त्यामुळे चौथ्या उदाहरणातला छेद नेमका पुसलेला. त्याखाली नऊ-दहा अंगठे, तीन-चार ‘ओके मॅडम’, एक जोडलेले हात आणि हमखास एक प्रश्न : ‘मॅडम, चौथ्यात खाली सहा आहे की आठ?’ त्याचं उत्तर कधी येतं, कधी येत नाही. मग ज्याच्या घरी पुस्तक हाताशी आहे अशी एखादी आई पानाचा फोटो टाकते आणि त्या रात्रीपुरती सगळ्या ग्रुपची तारणहार ठरते.

दुसऱ्या पाळीला कंपनीत गेलेला बाप हा मेसेज जेवणाच्या सुट्टीत बघतो आणि घरी फोन लावतो. ‘गणिताचं झालं का?’ ‘झालं.’ झालं म्हणजे वहीत उतरलं. बरोबर आलं का, हे कुणी विचारत नाही; विचारलं तरी ते ठरवायचं कुणी, हा पुढचा प्रश्न. गृहपाठ दिल्याची बातमी आता घरोघर वेळेवर पोचते, त्याबद्दल तक्रार नाही. गणित कुठे चुकलं ही बातमी मात्र घरी पोचत नाहीच, पुष्कळदा ती शिक्षकापर्यंतही जात नाही. वही आणि वर्ग यांच्या मध्ये ती कुठेतरी गळते. या लेखाचा विषय ती गळती आहे.

* * *

ग्रुपवर गृहपाठ ही सवय फार जुनी नाही. त्याआधी तो डायरीत लिहून यायचा, नाहीतर पोरांच्या डोक्यात यायचा आणि वाटेत सांडायचा. शेजारच्या गल्लीत जाऊन ‘आज काय दिलंय गं?’ असं विचारून येणं हा संध्याकाळच्या खेळाचाच एक भाग होता. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळांना कुलपं लागली आणि सगळंच बदललं. एप्रिलमध्ये पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असं म्हणत अभ्यासमाला सुरू केली. इयत्तावार दुवे निघायचे, त्यात ‘दीक्षा’ ॲपवरचे व्हिडिओ असायचे, आणि ते अधिकाऱ्यांच्या ग्रुपवरून केंद्रप्रमुखांच्या, तिथून मुख्याध्यापकांच्या, मग शिक्षकांच्या आणि शेवटी पालकांच्या ग्रुपवर उतरायचे. कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत जावं तसा हा अभ्यास शेवटच्या घरापर्यंत जाणार होता. शेवटच्या शेताला किती पाणी मिळतं हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीसाठीची मालिका लागू लागली. नोव्हेंबरात ‘स्वाध्याय’ आला. यात व्हॉट्सॲपवरच दर आठवड्याला थोडे प्रश्न यायचे आणि उत्तर दिलं की बरोबर की चूक ते तिथल्या तिथे कळायचं.

घरात मोबाइल एकच आणि तो बापाबरोबर चिकलठाण्याच्या नाहीतर वाळूजच्या कारखान्यात, अशा घरांत गणित रात्री साडेअकराला सुरू व्हायचं. राज्यात पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून उघडायला परवानगी मिळाली, तोवर दुसरी लाट दाराशी येऊन ठेपली होती. मग १ जुलै २०२१ पासून पंचेचाळीस दिवसांचा सेतू अभ्यासक्रम झाला. पुढे शाळा नेहमीसारख्या भरू लागल्या, सॅनिटायझरच्या बाटल्या कपाटात गेल्या. ग्रुप मात्र राहिले, आणि ते आता जायचे नाहीत.

ते वाईटच आहेत असं म्हणायचा माझा विचार नाही. ताप येऊन घरी राहिलेल्या मुलीला त्या दिवशीचा धडा कळतो. शाळेत पाऊल टाकायलाही बिचकणाऱ्या पालकाला बाईंशी दोन शब्द बोलता येतात. खाजगी इंग्रजी शाळांनी तर स्वतंत्र ॲप घेतली आहेत. त्यांत गृहपाठ, हजेरी, फी आणि बसची वेळ एकाच पडद्यावर दिसते. फी आणि बस यांना ती पद्धत शोभते. गणिताचं घोडं तिथेच अडतं, कारण गणितात ‘दिलं’ आणि ‘केलं’ यांच्यापलीकडे एक तिसरा टप्पा असतो आणि खरं शिक्षण त्याच टप्प्यावर होतं.

* * *

वही उघडून बघू. सहावीतल्या मुलांच्या वह्यांत वर्षानुवर्षं सापडणारा हा भागाकार आहे : ४२१६ ला ४ ने भागा. उत्तर लिहिलेलं असतं १५४. मांडणी नीटनेटकी, समास आखलेला, उत्तराभोवती चौकोन. चाराला चाराने भाग गेला, एक लिहिला. मग दोन खाली घेतला. दोनाला चाराने भाग जात नाही, म्हणून लगेच पुढचा एक खाली घेतला, एकवीस झाले, पाच लिहिले. भागाकाराच्या जागी जे शून्य मांडायचं होतं ते मांडलंच नाही. खरं उत्तर १०५४. मुलाला पाढे येतात, वजाबाकी येते, भागाकाराची रीतही येते. त्याला येत नाही ती एवढीच गोष्ट की भाग जात नसला तरी ती जागा रिकामी सोडायची नसते. याला ‘गणित कच्चं आहे’ म्हणणं म्हणजे चाक पंक्चर झालं म्हणून गाडी भंगारात घालण्यासारखं आहे.

आता हे दुसरं : १/२ अधिक १/३ बरोबर २/५. वर वरची बेरीज, खाली खालची बेरीज. मुलाच्या दृष्टीने यात काहीच वावगं नाही. उलट गुणाकारात असंच करायला शिकवलं होतं, मग बेरजेत का नाही? त्याला एकच प्रश्न विचारायचा असतो : अर्ध्या भाकरीत आणखी भाकरी घातली, तर ती अर्ध्याहून कमी कशी झाली? कारण २/५ हे अर्ध्यापेक्षा लहान आहे. सातवीत उणे पाच वजा तीन याचं उत्तर अधिक आठ येतं, कारण ‘मायनस मायनस प्लस’ हे पोराने मंत्रासारखं पाठ केलेलं असतं आणि मंत्र कुठेही लागू पडतो अशी त्याची श्रद्धा असते. आठवीत ३क आणि २ख यांची बेरीज ५कख होते. क ला १ आणि ख ला २ किंमत देऊन बघा : खरी बेरीज सात येते, त्याच्या उत्तराप्रमाणे दहा.

या चुका आळशी मुलांच्या नाहीत. प्रत्येक चुकीमागे एक नियम आहे. तो मुलाने स्वतः बनवलेला आहे आणि मनापासून पाळलेला आहे. तो नियम शिक्षकाच्या नजरेला पडला तर पाच मिनिटांत सुटतो. नाही पडला तर पुढच्या वर्गात जातो आणि तिथे त्याच्यावर मजले चढतात. गावोगावी घरी जाऊन मुलांना वाचायला आणि गणितं सोडवायला देणारं ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून चालू आहे. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं ही त्यातली सर्वांत अवघड पायरी. २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या आठवीच्या मुलांपैकी ४५.८ टक्के मुलांनाच ती चढता आली. निम्म्याहून जास्त मुलं बैजिक राशी आणि चक्रवाढव्याजाच्या वर्गात बसली आहेत आणि त्यांचा भागाकार अजून अडलेला आहे. त्या मुलांना गृहपाठ मिळत नसेल असं काही नाही. तो रोज मिळतो.

* * *

मग शिक्षक वह्या नीट का बघत नाहीत? हिशोब करून बघू, विषय गणिताचाच आहे. वर्गात पन्नास मुलं, प्रत्येकाला पाच उदाहरणं, म्हणजे अडीचशे उत्तरं. एका उत्तराला वीस सेकंद दिले, तरी पाच हजार सेकंद झाले. म्हणजे सव्वा तासाच्या वर. तासिका पस्तीस-चाळीस मिनिटांची. असे तीन-चार वर्ग एकेका शिक्षकाकडे. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक आणि विज्ञान-गणितासाठी निदान एक शिक्षक असावा असं म्हटलं आहे. पस्तीस धरले तरी तास भराभरा संपतो. जिथे मुलं कमी, तिथे शिक्षकच नाही अशी वेळ येते. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने कमी पटाच्या शाळांतली सहावी ते आठवीची शिक्षकपदं धोक्यात आली आणि त्यावर राज्यभर ओरड झाली. त्यात निवडणुकीचं काम, मतदारयाद्या, पोषण आहाराच्या रोजच्या नोंदी, यू-डायसची माहिती. कायद्याचं सत्ताविसावं कलम शिक्षकांना जनगणना, आपत्ती आणि निवडणूक वगळता इतर अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं. ते कलम वाचलेला शिक्षकसुद्धा दुपारी मोबाइलवर कसली ना कसली माहिती भरताना दिसतो.

अशा स्थितीत वहीवर लाल शाईने तिरकी रेघ, खाली सही आणि तारीख एवढंच होतं. ती रेघ म्हणजे ‘पाहिलं’. वह्या तपासल्या का, असं वरून तपासायला येणारा माणूसही त्या रेघाच मोजतो. एकूण काय, सगळे जण दिल्याची आणि पाहिल्याची नोंद ठेवण्यात गर्क आहेत. चुकल्याची नोंद ठेवायला रकानाच नाही.

सरकारी पातळीवर गृहपाठाची चर्चा होते ती किलोमध्ये नाहीतर तासांमध्ये. २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणाने दुसरीपर्यंत गृहपाठ नको, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास आणि सहावी ते आठवीला दिवसाला एक तास असं ठरवून दिलं. २०२२ च्या सप्टेंबरात तेव्हाचे शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी गृहपाठच बंद करण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा पालक आणि शिक्षक एका सुरात ‘नको’ म्हणाले. हे दोघे एका बाजूला आल्याचं फार वेळा बघायला मिळत नाही. मग २०२३ मध्ये बालभारतीच्या दुसरी ते आठवीच्या पुस्तकांचे चार भाग झाले, त्यात धड्यांच्या अधेमधे ‘माझी नोंद’ नावाची कोरी पानं आली, म्हणजे वही वेगळी न्यायला नको. गणिताला एवढ्या जागेत काय होणार? एक लांब भागाकार आणि त्याच्या दोन खाडाखोडी झाल्या की पान संपलं. पोरं वह्या नेतच राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने तो निर्णय मागे घेतला. वर्षातून तीनदा होणाऱ्या पायाभूत आणि संकलित चाचण्यांत गणित आहे, त्यांचे गुण ऑनलाइन भरले जातात. पण गुण म्हणजे आकडा. १५४ लिहिणाऱ्या मुलालाही शून्य आणि कोरा कागद देणाऱ्यालाही शून्य.

* * *

घरी वही बघायची म्हटली तर बघणार कोण? या शहराची यात एक खास अडचण आहे. निजामाच्या राज्यात शाळेचं गणित उर्दूत होतं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर हळूहळू ते मराठीत आलं. आता सेमी इंग्रजीच्या लाटेत ते इंग्रजीत गेलं. म्हणजे पणजोबांनी पाढे उर्दूत म्हटले, आजोबा आणि वडिलांनी मराठीत आणि नात ‘सेव्हन एट्स आर फिफ्टी सिक्स’ म्हणते. एकाच घरात चार पिढ्यांचं गणित तीन भाषांत. लसावि-मसावि चोख काढणारी आई ‘एलसीएम’ बघून वही मिटते आणि ‘ट्यूशनच्या सरांना विचार’ म्हणते. रोशन गेट, किराडपुरा भागातल्या उर्दू शाळांत आजही मजकूर उजवीकडून डावीकडे जातो आणि आकडेमोड डावीकडून उजवीकडे. ती मुलं पानावर दोन्ही दिशांनी सराईतपणे फिरतात. त्यांच्याही आयांचं गाडं दशांश अपूर्णांकांशी आलं की थांबतं.

संख्यांची नावं हा यातलाच एक जुना काटा. ‘त्र्याहत्तर’ ऐकून ३७ लिहिणारी मुलं प्रत्येक मराठी वर्गात असतात. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी सोय केली, तेव्हा विधानसभेपर्यंत टिंगल झाली, अजित पवारांनी मुख्यमंत्र्यांच्या आडनावाची फोड करून सभागृह हसवलं. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी मात्र शांतपणे, न चिडता त्यामागचं कारण पुन्हा पुन्हा सांगितलं. जुलै २०२३ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या सूचनेबद्दल मतभेद असू शकतात, पण मूल कुठे अडखळतं हे बघून पुस्तक बदलायला निघालेलं माणूस विरळा, एवढं तरी मान्य करायला हरकत नव्हती.

राहता राहिली शिकवणी. सिडकोत तर गल्लीला एक क्लास आहे. तिथे गृहपाठ होतो, म्हणजे करवून घेतला जातो. दुसऱ्या दिवशी शाळेत वही स्वच्छ, उत्तरं बरोबर, लाल रेघ आनंदात. पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची आहे, बाजारात गाइड आहे, आणि आता तर उदाहरणाचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर देणारी ॲप मोबाइलमध्येच आहेत. ज्या मोबाइलवर गृहपाठ येतो, त्याच मोबाइलवर तो सुटतो आणि त्याच मोबाइलवरून त्याचा फोटो परत ग्रुपवर जातो. मुलाच्या हाताला फक्त उतरवण्याचं काम. चुकायची संधीच गेली. आणि चूक हाच तर शिक्षकाच्या हातातला एकमेव धागा होता.

* * *

गणित शिकवण्याची या मुलखाला परंपरा नाही असं नाही. शहरापासून चाळीसगावच्या वाटेने निघून कन्नडचा घाट उतरलं की गौताळा अभयारण्याच्या कुशीत पाटणा नावाचं गाव लागतं. तिथे १२०७ मधला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने पाटण्याला मठ काढला आणि निकुंभ घराण्याच्या मांडलिकांनी त्याला दान दिलं. लेख संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत आणि त्या दानाच्या वसुलीच्या आहेत : बाजारातल्या कोणत्या व्यवहारातलं काय मठाला द्यायचं. थोडक्यात, अनुदानाचा शासन निर्णय. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. दौलताबादचा, म्हणजे देवगिरीचाच, किल्ला बघायला जाणाऱ्या शाळांच्या सहलींना तोफा दाखवतात, चांद मिनार दाखवतात. या किल्ल्याच्या राजाच्या ज्योतिषाने गणिताची शाळा काढली होती हे फारसं कुणी सांगत नाही.

आणि ‘लीलावती’ची ढब बघा. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या त्या ग्रंथात उदाहरण नुसतं फेकलेलं नाही, समोरच्याला नाव घेऊन, हाक मारून विचारलं आहे. सांगणारा आणि सोडवणारा समोरासमोर आहेत. गणित एकाला विचारलं जातं, साठ जणांच्या ग्रुपला नाही.

या शहरातल्या शिक्षणाशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते गोविंदभाई श्रॉफ मुळात गणिताचेच. कोलकात्याला गणित शिकून ते औरंगाबादला आले, काही काळ शिक्षकी केली, मग हैदराबाद मुक्तिसंग्रामात गेले आणि पुढे १९१५ मध्ये स्थापन झालेल्या सरस्वती भुवन संस्थेची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली.

पण मला या विषयात सगळ्यांत जवळचे वाटतात ते नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं त्यांनी शाळेत शिकवलं. कुठलीही मोठी पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही; संख्यांशी खेळत राहायचं. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ ची गंमत जाहीर केली. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठीतून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तसंच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत कुठलीही संख्या तिथेच येते आणि तिथेच थांबते. आधी आपल्याकडच्याच विद्वानांनी कापरेकरांना हसण्यावारी नेलं, १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिलं तेव्हा जगाचं लक्ष गेलं.

पाचवी-सहावीला हातच्याची वजाबाकी घोटवून घ्यायची असेल तर याहून चांगला गृहपाठ मला माहीत नाही. प्रत्येकाने आपली संख्या घ्यायची, म्हणजे शेजारच्याची उत्तरं उतरवून उपयोग नाही. वरवर वाटतं की वजाबाकी चुकली तर ६१७४ येणारच नाही आणि पोराला आपोआप कळेल. तसं होत नाही. चुकून आलेली संख्याही चार अंकीच असते, तिला धरून पुढे गेलं तरी शेवटी बहुतेक वेळा ६१७४ च हाती लागतं! म्हणजे उत्तर बरोबर आणि वाट चुकलेली. आणि इथेच जुना नवाचा ताळा कामाला येतो. या खेळातल्या प्रत्येक वजाबाकीचं उत्तर नवाने भाग जाणारं असतं, कारण दोन्ही संख्यांतले अंक तेच असतात. तेव्हा प्रत्येक पायरीला अंकांची बेरीज करा. ३०८७ चे तीन, आठ, सात मिळून अठरा, पुढे जा. ३०९७ आलं असेल तर एकोणीस, थांबा, मागे वळा. ३०७८ असं अंक उलटे पडले तर मात्र ताळ्यालाही फसवता येतं, हेही मुलांना सांगायचं. त्यांना ते ऐकून फार बरं वाटतं.

जुन्या शाळेत ताळा पाहिल्याशिवाय उदाहरण पुरं झालं असं मानत नसत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ करण्यात जीव जायचा हे खरं. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि पुढे त्यांची गरजही सरली. पण अर्धा आणि पाव मिळून पाऊण हे ज्याच्या जिभेवर बसलेलं आहे, तो अर्ध्यात भर घालून अर्ध्याहून कमी उत्तर सहजासहजी लिहिणार नाही. उत्तर डोळ्यांना खुपलं पाहिजे, ते खुपण्याचा सराव त्या पाठांतरात होता. आता १०५४ च्या जागी १५४ लिहून त्याभोवती चौकोन काढताना हाताला काहीच टोचत नाही. १५४ ला ४ ने गुणायला दहा सेकंद लागतात. ६१६ येतात, ४२१६ नाही.

तेव्हा ग्रुपवरचा मेसेज बदलायला फार काही लागत नाही. पाच उदाहरणांऐवजी तीन द्या, आणि प्रत्येकाखाली ताळा मागा. अडीचशे उत्तरांची दीडशे झाली. ज्याचा ताळा जुळला ते सोडून द्यायचं, जुळला नाही त्यापुढे मुलाने स्वतःच खूण करायची, खोडायचं नाही. बाईंनी सकाळी फक्त खुणा बघायच्या आणि त्यातलं एक उदाहरण, नाव न घेता, फळ्यावर मांडून ‘हे असं का केलं असेल?’ एवढं वर्गाला विचारायचं. काही शिक्षक हे वर्षानुवर्षं करत आले आहेत, कुठल्याही परिपत्रकाशिवाय. त्यांच्या वर्गात चूक ही लपवायची वस्तू राहत नाही.

उदाहरणंही या शहरात शोधायला लांब जावं लागत नाही. सहावीला सममिती शिकवायची तर बीबी का मकबरा आहे, हिमरूची नक्षी आहे. सातवीला वर्तुळ आणि समप्रमाण-व्यस्तप्रमाण आहे, आणि त्यासाठी आमच्याकडे पाण्यासारखा विषय नाही. जायकवाडीहून शहराला येणाऱ्या जुन्या जलवाहिन्यांपैकी एक ७०० मिलिमीटर व्यासाची आणि दुसरी १४०० ची. दुसरीतून किती पट पाणी येईल? वर्ग एकजात ‘दुप्पट’ म्हणतो. त्रिज्या घ्या, वर्ग करा, पाण्याचा वेग तोच धरा : चौपट. आता २०२० मध्ये १६८० कोटींची म्हणून सुरू झालेल्या आणि खर्च वाढत गेलेल्या नव्या योजनेतली २५०० मिलिमीटरची वाहिनी घ्या. ७०० च्या तुलनेत तिचं तोंड पावणेतेरा पट मोठं. याचा ताळा मुलं चौकटींच्या कागदावर दोन वर्तुळं काढून, आतल्या चौकटी मोजून पाहू शकतात.

मग घरचा गृहपाठ. आपल्या गच्चीवरची टाकी किती लिटरची, घरात माणसं किती, नळाला पाणी किती दिवसांआड येतं? हजार लिटरची टाकी, पाच माणसं, आठ दिवस : माणशी दिवसाला पंचवीस लिटर. शहरांसाठी सरकारी मानक आहे माणशी १३५ लिटरचं. त्याप्रमाणे या घराला आठ दिवसांना किती हवं? ५४०० लिटर. कमी पडतं किती? ४४००. ते कुठून येतं? टँकरचा भाव विचारून घ्या आणि महिन्याचा खर्च काढा. इथे उत्तरसूची नाही, गाइड नाही, फोटो काढून सांगणारं ॲपही नाही, आणि ताळा बघायला आई-बाप दोघेही बसतात, कारण हे गणित त्यांना भाषा कुठलीही असो, येतं. फक्त दुसऱ्या दिवशी वर्गाच्या ग्रुपवर अंगठ्यांऐवजी नळाचे, पाणीपट्टीचे आणि टँकरवाल्यांचे असे काही मेसेज पडतील की बाईंना रात्री दहा वाजता लिहावं लागेल : ‘कृपया हे वॉर्डाच्या ग्रुपवर टाकावे.’